मडमसाहेबांचा एका शब्दाचा शेरा

३० एप्रिल १९४६. सकाळचं काम होतं अंडी बघायचं. खुडूक कोंबडी टोपलीत अंड्यांवर बसून सात दिवस झाले होते. सातव्या दिवशी एकेक अंडं मुठीत धरून दाराच्या फटीतल्या उन्हापुढे न्यायचं. आत लाल दोरे दिसले तर ठेवायचं, नुसताच उजेड दिसला तर काढायचं.

तेवढ्यात आमचे मालक गावच्या मास्तरांना घेऊन आले. आमची थोरली लेक नगरला मिशनच्या बोर्डिंगात सातवीत होती आणि सुट्टीला घरी आली होती. मागोमाग टपालानं प्रगतिपत्रक आलं. गणितात जेमतेम पास, बाकी मध्यम. खाली शाळेच्या मडमसाहेबांचा इंग्रजीत एकच शब्द, आणि इंग्रजी आमच्या घरात कुणालाच धड वाचता येत नव्हतं. शेरा चांगला असला तर पोरगी पुढं शिकेल, नाहीतर शनिवारी काष्टीचे पाहुणे येतील तेव्हा सुपारी फोडायची, असं मालकांनी ठरवलं होतं.

मास्तरांनी चष्मा पुसून वाचलं, "प्रॉमिसिंग."

"म्हंजी हुशार?" मालकांनी विचारलं.

"तसं नाही. होतकरू. पुढं चांगली निघेल अशी लक्षणं आहेत. कसलेल्या गवंड्याला कुणी होतकरू म्हणत नाही, नवख्याला म्हणतात."

"लक्षणं पावसाचीबी दिसत्यात. आपल्या पाथर्डीत पाऊस पडतो व्हय?"

मास्तर हसले. मी हातातलं अंडं मालकांना दिलं. "उन्हात धरा. काय दिसतंय?"

"लाल दोरं."

"पिल्लू हाय?"

"आत्ताच कुठलं?"

"मग तव्यावर घालू?"

"येडी हाय का? पिल्लू व्हायचंय त्याचं!"

"कोंबडा का कोंबडी, सांगता येतंय? जगंलच म्हनून?"

"न्हाई."

"तरी टोपलीत ठेवायला सांगताय."

मालकांनी अंडं जपून परत माझ्या हातात दिलं. मग म्हणाले, "आन् गणिताचं काय?"

"सुट्टीभर मी घेतो," मास्तर म्हणाले.

"एक साल शिकू द्या," मालक म्हणाले. " पुढं बघू. काष्टीकरांना काय सांगायचं?"

"ते माझ्याकडं लागलं," मी म्हटलं.

बारांतली नऊ अंडी मी परत कोंबडीखाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नणंदेकडे गेले. स्थळ तिनंच आणलं होतं. शनिवारी पाहुणे नकोत, म्हणून सांगितलं. "मडम करायचीय व्हय पोरीला?" ती म्हणाली. चहाला न थांबता मी घरी आले आणि लेकीच्या हाती पाटी देऊन तिला मास्तरांकडे धाडलं.