आण्णांच्या हलगीचे तीन ठोके

मुरगूडचा ज्ञानू सुतार बेंजो पार्टीत कीबोर्ड वाजवायचा, पण पंचक्रोशीत त्याचं नाव होतं ते हलगीसाठी. कीबोर्ड लॅपटॉपला जोडला आणि पट्टी दाबली, की अशी हलगी कडाडायची की म्हातारी माणसंसुद्धा दारात येऊन उभी राहायची. ती हलगी गल्लीतल्या आण्णांची. आठ वर्षांमागं ज्ञानूनं त्यांना माळावर बसवून एकेक ठोका माइकवर धरला होता. सगळे मिळून बत्तीस. पुढं दोन वर्षांत आण्णांच्या उजव्या हातावरनं वारं गेलं, आणि तो हात आता फक्त ज्ञानूच्या लॅपटॉपात वाजायचा.

गणपती बारा दिवसांवर आले आणि त्या लॅपटॉपातून टिकटिक ऐकू यायला लागली. चालू व्हायला त्याला अर्धा तास लागायचा.

शहरातल्या राजारामपुरीत मोनाचं दुरुस्तीचं दुकान होतं; ज्ञानूनं लॅपटॉप तिथं नेला. तिनं लॅपटॉपला कान लावला.

"मिरवणुकीत ह्याला कुठं ठेवता?"

"बेसच्या बॉक्सवर."

"आनि दुसरी जागा न्हाय घावली?"

"वाद्य खाली ठेवत न्हाईत, ताई. पाय लागतोय."

मोनानं कपाळावर हात मारला. "अवो पावणं, ह्याच्या हार्डडिस्कमधी चकती फिरती. तिला तुमी आठ वर्सं बेसवर नाचवलीसा. मान दिऊन दिऊन मारलीसा की बिचारीला! दुसरीकडं कॉपी तरी हाय का?"

ज्ञानूनं मान खाली घातली. "माझा हात दुसऱ्याच्या घरात वाजायचा न्हाय," असं आण्णांनी त्याच्याकडून वचन घेतलं होतं. त्यानं ते इतकं पाळलं, की दुसरी कॉपी स्वतःच्या घरातही ठेवली नव्हती.

मोनानं मागचे स्क्रू काढले, जुनी डिस्क बाहेर घेतली आणि तिथं नवीन बसवली. "ह्यात फिरायचं कायच न्हाय. आता खुशाल नाचवा." मग जुनी डिस्क वायरनं जोडून सगळं नव्यावर उतरवायला घेतलं. शंभरातले अकरा झाले आणि गाडी अडकली.

"पुण्याला पाठवायची का?" मोना म्हणाली. "थितं डिस्क उघडून काढत्यात. म्हैना लागंल."

"खात्री देत्यात?"

"न्हाय."

"मग हितंच काढू. बाकीचं सोडा."

"आवो, आठ वर्सांची गाणी हाईत ह्यात. चाली हाईत तुमच्या."

"चाली परत बसवीन. आदी आण्णा काढा, त्यांचं बत्तीस ठोकं."

मोनानं एकवार त्याच्याकडं बघितलं आणि खुर्ची पुढं ओढली. एका वेळी एकच ठोका. चार निघाले की डिस्क बंद करून पंख्याखाली गार करायची, परत जोडायची. ज्ञानू हलला नाही. चहा आला, तो तसाच निवला. दिवेलागणीला एकोणतीस ठोके निघाले, आणि तिसावा घेताना डिस्क फिरायचीच थांबली. परत परत जोडून बघितली. हूं नाही की चूं नाही.

नव्या डिस्कवर संगीताचं सॉफ्टवेअर चढलं. त्याला आवाज सापडावेत म्हणून जुन्याच नावाचा फोल्डर जुन्याच जागी केला. एकोणतीस पट्ट्या बोलल्या. तीन मुक्या राहिल्या.

"शेजारचाच ठोका लावा की," मोना म्हणाली. "मिरवणुकीत कुणाला कळतंय?"

"आण्णांना कळतंय," म्हणून ज्ञानूनं लॅपटॉप पिशवीत घातला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं आण्णांसमोर बसून सगळं सांगितलं. म्हातारा पुढं सरकला.

"कंचं तीन गेलं?"

"काठावरचा, दाबून सोडायचा, आनि मिरवणूक वळताना मारायचा त्यो."

"खुंटीवरची हलगी काढ. शेकव."

"पर वाजवणार कोण?"

"तुझं हात काय झडल्यात का? आयुष्यभर बटणं दाबलास, आता कातड्याला भीड."

आण्णांची बायको तानाबाई चुलीपाशीच होती. तिनं जाळ वाढवला. ज्ञानूनं कातडं तापवलं, माइक लावला आणि लाकडी टिपरू मारलं.

"पत्रा," आण्णा म्हणाले.

परत मारलं.

"पापड मोडला. मनगट सोड की! दगड धरलाईस का हातात?"

तानाबाई पदर तोंडाला लावून हसली. ज्ञानूनं बाही वर सारली. दुपारपर्यंत त्याच्या बोटाला फोड आला, तोही फुटला. बोटावर चिंधी गुंडाळून तो मारत राहिला. उन्हं कलताना काठावरचा ठोका एकदाचा खणखणीत उठला. आण्णांनी डोळे मिटून तो तीनदा ऐकला.

"ह्यो ठेव."

दाबून सोडायचा ठोका तिसऱ्या दिवशी साधला. ज्ञानू दोन्ही नव्या ठोक्यांना फोल्डरात आण्णांचंच नाव द्यायला लागला. तानाबाईनं ते वाचून सांगितलं, तसे आण्णा कडाडले.

"माझं नाव कशाला? तुझं घाल. वंगाळ वाजलं तर शिव्या तुला बसूंदेत."

ज्ञानूनं नाव खोडून आपलं लिहिलं. मिरवणूक वळतानाचा ठोका अजून यायचा होता. त्यानं चिंधी घट्ट बांधली आणि हलगी परत जाळावर धरली.