चार दिवसांचं शिळं पाणी

प्रयोगशाळेत त्यांचं खरं नाव हजेरीपटापुरतंच उरलं होतं. सगळे त्यांना मिलिग्रॅमकाका म्हणत, कारण तराजूजवळ कुणी जोरात श्वास घेतला तरी त्यांचं टाळकं सटकायचं. मोडलेलं हाड जोडायचे मॅग्नेशियमचे स्क्रू शरीराइतक्याच गरम खारट पाण्यात पंधरा दिवस ठेवायचे आणि किती झिजले ते मोजायचं, हे त्यांचं काम. हाड जुळेपर्यंत स्क्रूनं तग धरायचा, मग विरघळून जायचं. म्हणजे तो काढायला दुसरं ऑपरेशन नको.

यात एक गोम होती. शरीरात रक्त वाहतं राहतं, बाटलीतलं पाणी साचतं. साचलेल्या पाण्यात स्क्रूवर पांढरा थर धरतो, झीज मंदावते आणि लेचापेचा स्क्रूही पैलवान वाटतो. म्हणून पाणी रोज बदलायचं, सुट्टी असली तरी. जुनं पाणी पांढऱ्या कॅनमध्ये ओतायचं. तो कॅन सफाईवाल्या मावशी रोज रिकामा करत.

मागच्या महिन्यात जोडून चार दिवस सुट्टी आली. बायको म्हणाली, "एकदा तरी ताईकडे चला माझ्याबरोबर. तुमचे स्क्रू काही पळून जात नाहीत."

काका गेले. चार दिवस मस्त लोळले. परत आल्यावर नोंदवहीच्या चार रकान्यांत त्यांनी 'बदललं' असं लिहून सह्या ठोकल्या. हात जरासुद्धा अडखळला नाही, याचीच त्यांना पुढे जास्त लाज वाटली. स्क्रू झकास पास झाले, प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी पाठ थोपटली, त्याच खेपेच्या कोऱ्या स्क्रूंची डबी हॉस्पिटलात गेली.

आणि मावशी जिन्यावरून घसरल्या. घोटा मोडला. त्याच डबीतले स्क्रू घालायचं ठरलं.

काका भेटायला गेले तर मावशी शेजारच्या खाटेवरच्या बाईला सांगत होत्या, "हेच आमचे काका. स्क्रू यांनी तपासलेत म्हटल्यावर मी ऑपरेशनच्या कागदावर डोळे झाकून सही केली."

आणलेली केळी उशाशी ठेवून काका चोरासारखे बाहेर पडले. हाड जुळायच्या आत स्क्रू विरघळला तर बाई जन्माची लंगडी होईल, आणि नोंदवहीत मात्र काका धुतल्या तांदळासारखे राहतील.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी त्यांनी मॅडमसमोर वही उघडली आणि चारही सह्यांवर बोट ठेवलं. मॅडम ओरडल्या नाहीत. फोन उचलून त्यांनी ऑपरेशन थांबवलं. "आता स्टीलचे घालतील," त्या म्हणाल्या. "वर्षभरानं काढायला पुन्हा कापावं लागेल. हे मावशींना तुम्हीच सांगा."

काकांनी खाटेपाशी उभं राहून सगळं सांगितलं. खाली बघूनच.

"पाणी बदललं नव्हतं ते मला ठाऊक होतं," मावशी म्हणाल्या. "मला कुठली सुट्टी? चारही दिवस कॅन कोरडा ठणठणीत होता."

"मग सही का केलीत?"

"मला वाटलं, त्या दिवसांत बदलायचं नसेल," मावशी म्हणाल्या. "तुम्ही चुकाल असं मनातच आलं नाही, काका."