घरी पुस्तकाला हात लावत नाही

माझा नवरा आमच्या मुलीच्या शाळेत एक वाक्य बोलला, आणि त्यावरून आमच्या घरात अजून भांडणं होतात. मी सुरू करते, तो मूग गिळून बसतो, त्यामुळे भांडणही धड होत नाही.

आम्ही जर्मनीत लुडविग्सहाफेनला राहतो. नवरा केमिकल इंजिनिअर. इथे आलो तेव्हा घर शोधताना फोनवर आडनाव सांगितलं की ते घर नुकतंच दुसऱ्या कोणाला तरी दिलेलं असायचं. नोकरी कुठे, पगार किती, हे सांगायची वेळच यायची नाही. शेवटी रेल्वेच्या रुळांच्या अलीकडे एका तुर्की घरमालकानं दुसऱ्या मजल्यावरची जागा दिली. खाली न्हाव्याचं दुकान, समोर मोबाइल दुरुस्तीवाला, आणि जिन्यात कायम कोणाच्या तरी कांद्याच्या फोडणीचा वास. वर्षभर काढू आणि हलू, असं ठरलं होतं. मुलगी तिथेच चालायला शिकली, तिथूनच शाळेत जायला लागली, आणि आम्ही अजून तिथेच आहोत.

रुळांच्या पलीकडे नदीच्या बाजूनं झाडांच्या ओळी आहेत आणि एकेका कुटुंबाची स्वतंत्र घरं. नवऱ्याच्याच टीममधला एक जर्मन सहकारी तिथे राहतो. दोघांचं काम एक, हुद्दा एक, पगारही एकच. फरक एवढाच की त्याला घर शोधावं लागलं नाही, ते आजोबांनी बांधून ठेवलं होतं. आमचा पैसा घरभाड्यात आणि पुण्याच्या फ्लॅटच्या हप्त्यात जातो, त्याचा बागेतल्या नव्या फरशीत. प्राथमिक शाळा मात्र रुळांच्या दोन्ही बाजूंना मिळून एकच, त्यामुळे त्याचा मुलगा आणि आमची मुलगी पहिलीपासून एका वर्गात. नवऱ्याला याचं फार अप्रूप. ‘बघ, इथे सगळे एका बाकावर बसतात,’ असं तो भारतातल्या नातेवाइकांना फोनवर सांगायचा. मला तेव्हाही हे ऐकून चिडायला व्हायचं.

चौथीपर्यंतच एका बाकावर बसतात हे तो सांगत नसे. चौथीच्या मधोमध इथे वर्गशिक्षिका प्रत्येक मुलानं पुढे कुठल्या शाळेत जावं याची शिफारस करते. गिम्नाझियमला गेलं तर पुढे सरळ विद्यापीठ. रेआलशूले प्लसला गेलं तर बहुतेक वेळा कुठला तरी धंदा-हुन्नर शिकायचा. त्यात वाईट काही नाही, असं मला सगळ्यांनी समजावलं आहे, आणि समजावणाऱ्या प्रत्येकाचं पोर गिम्नाझियमला आहे. नऊ-दहा वर्षांच्या पोरांचं भविष्य ठरवायचं, तेही त्यांना बुटाची नाडी नुकती नीट बांधता यायला लागली असताना.

मुलगी चौथीत गेली त्या वर्षी शरद ऋतूत शिक्षिकेनं आम्हाला बोलावलं. आई, वडील, मूल आणि शिक्षिका अशी चौघं एकत्र बसतात, तशी पद्धत आहे. आम्ही मुलांच्या खुर्च्यांवर गुडघे छातीशी घेऊन बसलो. शिक्षिका गोड बाई. इतकी गोड की मला तिची पहिल्या दिवसापासून धास्ती वाटायची. ती म्हणाली की मुलगी छान वाचते, गणितात नेटकी आहे, वर्गात हात वर करते.

आता इथे एखादा शहाणा बाप आभार मानून गप्प बसला असता. माझा नवरा हसला, मान हलवली आणि अगदी अस्खलित जर्मनमध्ये म्हणाला, “छे छे, कसलं काय! घरी पुस्तकाला हात लावत नाही. फार आळशी आहे. तुम्हीच जरा तिच्याशी कडक वागा.”

मराठी माणसाला यातलं एक अक्षरही समजावून सांगायला नको. मास्तरांनी पोराचं कौतुक केलं की बापानं ते झटकायचं, मग मास्तर म्हणतात, ‘नाही हो, हुशार आहे पोरगी,’ आणि सगळे समाधानानं घरी जातात. आपल्या तोंडानं आपल्या पोराचं कौतुक करू नये, दृष्ट लागते, शिवाय दिसायलाही बरं दिसत नाही. माझे वडीलही माझ्या शाळेत हेच बोलायचे, नवऱ्याचेही बोलायचे. माझं जर्मन तेव्हा भाजी-ब्रेडपुरतं होतं, पण नवरा काय म्हणाला ते मला कळलं, आणि ते कानाला इतकं ओळखीचं होतं की मी पण हसले.

शिक्षिका हसली नाही. आपल्या वाट्याचं वाक्य बोललीच नाही. ती गंभीर झाली आणि म्हणाली, “बरं, तुम्ही इतकं मोकळेपणानं सांगितलंत, त्याबद्दल आभार.” मुलगी आमच्या दोघांच्या मध्ये बसून खोडरबर कुरतडत होती. पुढचा विषय निघाला.

जानेवारीत शिफारस आली. रेआलशूले प्लस.

मी आधी तिचे गुण पाहिले, मग परत शिफारस पाहिली. इथे एक म्हणजे सर्वांत चांगला गुण, आणि तिला बहुतेक सगळीकडे दोन होते. नवरा म्हणाला, “होईल गं, नंतर शाळा बदलता येते.” नंतर म्हणजे कधी, हे विचारल्यावर तो गूगल करायला बसला.

पुढच्याच आठवड्यात त्या सहकाऱ्याच्या मुलाचा वाढदिवस होता. संध्याकाळी मी मुलीला आणायला गेले. दारातच तो गृहस्थ भेटला आणि आनंदानं म्हणाला, की त्याच्या मुलाला गिम्नाझियमची शिफारस मिळाली. त्या पोराला गणितात तीन होता, हे मला ठाऊक होतं. मुलं सगळं सांगतात. मी विचारलं, कसं काय जमवलं? अगदी असंच विचारलं, तेवढं जर्मन मला येत होतं.

तो मोकळा माणूस, काही लपवत नाही. म्हणाला, “आम्ही पहिलीपासून शिक्षिकेला सांगत आलोय, की तो जरा स्वप्नाळू आहे, पण डोकं फार चांगलं आहे. हे बोलावंच लागतं, नाही तर तिला कळणार कसं? खरं ना?” मग माझा चेहरा बघून त्यानं आवाज मऊ केला. “रेआलशूले काही वाईट नाही हं. प्रॅक्टिकल मुलांसाठी तर उत्तमच.”

मी तोंडभर हसून शुद्ध मराठीत म्हटलं, “मग स्वतःच्या कार्ट्याला घाला की तिथे.” त्याला वाटलं, मी शुभेच्छा दिल्या. त्यानं माझ्या हातात केकचा तुकडा दिला. तो मी ट्राम स्टॉपवरच्या कचऱ्याच्या डब्यात टाकला, आणि मुलीनं विचारलं तेव्हा आवडला नाही म्हणून सांगितलं.

आम्ही शिक्षिकेची वेळ मागितली. या वेळी मुलीला नेलं नाही. शिक्षिकेनं आम्हाला चहा विचारला, खिडकी बंद केली, आणि मग तिच्या त्या मऊ आवाजात सांगू लागली. गुण चांगले आहेत, हो, पण गिम्नाझियमला नुसते गुण पुरत नाहीत. तिथे घरी अभ्यास खूप असतो. घरी आधार लागतो. काही मुलांच्या घरी तो असतो. तुमची मुलगी आनंदी आहे, तिला आनंदी राहू द्या.

“मी इंजिनिअर आहे,” नवरा म्हणाला. “ही एम.एस्सी. आहे.”

“हो, पण तुम्हीच मला सांगितलंत, की ती घरी पुस्तकाला हात लावत नाही.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण ती नक्की कोणावर काढावी ते मला क्षणभर कळेना. नवरा समजावू लागला, की आमच्याकडे असं म्हणायची रीत असते, त्याचा अर्थ तसा नसतो. शिक्षिकेनं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, “म्हणजे तेव्हा तुम्ही बोललात ते खरं नव्हतं?” तिच्या विचारण्यात खोच नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. ज्या माणसाला दिवसभर मीटिंगमध्ये जर्मनांशी वाद घालायचा पगार मिळतो, तो बंद खिडकीकडे बघू लागला.

मग मी बोलून गेले, “आम्ही त्या इमारतीतल्या बाकीच्यांसारखे नाही.” तिनं मान डोलावली. बाकीचे म्हणजे कोण, ते कसे असतात, हे तिनं विचारलं नाही. तिच्या डोक्यात आमच्या जिन्यातले सगळे एका रांगेत उभे होते, आणि त्या रांगेत मी पुढेमागे कुठे उभी राहते यानं तिला काही फरक पडणार नव्हता. खालच्या मजल्यावरच्या सीरियन मुलीलाही रेआलशूले प्लसच मिळालं होतं. तिचे वडील शाळेत काहीच बोलले नव्हते. म्हणजे बोललं तरी तेच आणि नाही बोललं तरी तेच, पण माझा राग तेवढ्यानं थंड होणारा नव्हता.

निघताना शिक्षिका म्हणाली, की कायद्यानं निर्णय पालकांचाच आहे. आम्ही मुलीचं नाव गिम्नाझियमला घालू शकतो, फक्त शिफारस नसल्यामुळे तिथे आधी एक मुलाखत होईल.

घरी आल्यावर मी नवऱ्याला धारेवर धरलं. मुलगी तिच्या खोलीत होती, दार बंद होतं, आणि आम्ही मराठीत बोलत होतो, म्हणून मी आवाज खाली आणला नाही. मी म्हटलं, तिथे तुझी आई आणि मावशी बसल्या होत्या का? कोणाला विनय दाखवत होतास? तो म्हणाला, “अगं, चार चांगल्या लोकांत असं बोलतातच.” मी म्हटलं, ते चांगले लोक आपल्याला घर देत नव्हते. तो म्हणाला, हे जरा जास्तच होतंय. मी म्हटलं, जास्त नाही, कमीच होतंय. तुझा तो सहकारी पोराच्या तीनाचा एक करून आला आणि तू दोनाचं शून्य करून आलास.

मग मी त्याच्याकडून तयारी करून घेतली. ओट्याशी उभं राहून मी मुख्याध्यापक झाले आणि त्याला विचारलं, तुमची मुलगी कशी आहे? तो म्हणाला, बरी आहे. मी म्हटलं, बरी नाही, हुशार म्हण. त्यानं ‘हुशार’ असं म्हटलं की लगेच पुढे ‘पण’ यायचा. शेवटी वैतागून म्हणाला, “स्वतःच्या पोरीची टिमकी अशी कशी वाजवू? लाज वाटते मला.” चांगला माणूस आहे तो. त्या आठवड्यात मला त्याच्या चांगुलपणाचा मनापासून वीट आला.

गिम्नाझियमची इमारत रुळांच्या पलीकडे आहे, हे सांगायलाच नको. मुलाखतीला उपमुख्याध्यापक होते, उंच, प्रसन्न, हाताशी पाण्याचा पेला. मुलीलाही बोलावलं होतं. त्यांनी तिला दोन-चार प्रश्न विचारले, आवडतं पुस्तक, आवडता विषय, आणि ती हळू आवाजात पण नीट बोलली. मग ते आमच्याकडे वळले. “शिफारस वेगळी आहे, तुम्हाला माहीतच आहे. तिला इथलं झेपेल असं तुम्हाला वाटतं?”

मी नवऱ्याकडे पाहिलं. त्यानं घसा खाकरला. टेबलाकडे बघत म्हणाला, “म्हणजे... ती प्रयत्न करील. बघू या.”

बघू या! उपमुख्याध्यापकांनी सहानुभूतीनं मान हलवली आणि पेन खाली ठेवलं. ते पेन खाली ठेवलेलं बघितलं आणि मी तोंड उघडलं. माझ्या मोडक्या जर्मनमध्ये, क्रियापदं हवी तिथे टाकत, मी म्हटलं, की माझी मुलगी खूप हुशार आहे. ती भराभर शिकते. घरी वाचते, रोज, हातातून पुस्तक काढून घ्यावं लागतं. तिला झेपेल, यापेक्षा जास्तही झेपेल.

ते हसले. “असं तर सगळेच आईवडील म्हणतात.”

“नाही,” मी म्हटलं. “हिचे वडील म्हणत नाहीत. म्हणून आम्ही इथे बसलोय. बाकीचे म्हणाले, ते इथे बसायला आलेच नाहीत.”

नवऱ्याचे कान लाल झाले होते, आणि मला त्याची अजिबात कीव आली नाही. उपमुख्याध्यापक घोटभर पाणी प्यायले. मग म्हणाले, “ठीक आहे, तुमचा हक्क आहे. पण जबाबदारी तुमची.” जबाबदारी तुमची, हे ते पलीकडच्या घरातल्या किती जणांना म्हणाले असतील? मी ते विचारणार होते, पण जर्मन शब्द जुळेपर्यंत ते उभे राहून हात पुढे करून मोकळे झाले होते. मुलीला प्रवेश मिळाला.

परतताना ट्राममध्ये आम्हाला समोरासमोर जागा मिळाली. मी मराठीत म्हटलं, “आता खूश ना गं?” ती जर्मनमध्ये ‘हो’ म्हणाली आणि खिडकीतून बाहेर बघत बसली. पूल आला, खालून मालगाडी जात होती. मग मान न वळवता तिनं जर्मनमध्येच विचारलं, “तुमच्यातलं खोटं कोण बोललं? आई की बाबा?”

मी म्हटलं, “कोणी नाही. तू हुशार आहेस.”

तिनं माझं बोलणं ऐकून घेतलं, पण बघत होती ती बाबाकडे. घरात जर्मन नीट येतं ते त्यालाच, आणि एवढ्या वर्षांत शाळेनं तिला हे पक्कं शिकवलं होतं की ज्याचं जर्मन चांगलं, त्याचंच बोलणं खरं. ती त्याच्या उत्तराची वाट बघत होती. आणि माझा नवरा, गाडीत इतकी माणसं बसलेली म्हणून, फक्त लाजून हसला.