थरथ थाऊंड थर्व्हिथ, थेनगाव

एवढी महाग वस्तू लावून घ्यायची आणि ती कोणालाच दाखवायची नाही, असं काहून?

हा प्रश्न मी नांदेडच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंना विचारला. त्या हसल्या. माझ्या मोठ्या भावाला, संतोषदादाला विचारला. तो म्हणाला, "बाळ्या, तू भाईर थांब!" मायला विचारणार होतो, पण तिच्यापासून तर सगळंच लपवायचं होतं. आता दादा जाऊन दोन महिने झाले. प्रश्न तसाच पडून आहे.

मंडप आणि साऊंडच्या धंद्यात किस्से दोरीसारखे असतात. कार्यक्रम झाला की गुंडाळून टेम्पोत टाकायचे. पुढच्या वेळी एक ओढायला जावं तर त्याच्यामागे सात निघतात. दादाचं आमच्याकडे तसंच झालंय. आम्ही रडायला म्हणून बसतो आणि किस्साच निघतो!

सेनगावात आमची 'सरस साऊंड सर्व्हिस'. माणसं चार. दादा माईकवर, इस्माईलभाई वायरिंगला आणि टेम्पोवर, तांड्यावरचा पंडित बांबू-कनातीला, आणि मी आठवीतून शाळा सोडलेला, म्हणजे सगळीकडे. नाव दादानेच ठेवलेलं. म्हणायचा, "माईकवर 'स' कसा घसरते पाह्य, रेशमावानी!"

तेव्हा त्याला काय माहीत!

* * *

दादाचा आवाज असा, की नवरीच्या आधी नवरीच्या बापाला रडू यायचं. पण वरचे दात पुढे. चांगलेच पुढे. पंडित म्हणायचा, "पाऊस आला का पयले दादाच्या दाताला कळते." म्हणून दादा कायम स्पीकरच्या खोक्यांमागे उभा राहून बोलायचा.

एकदा एक नवरीचा बाप आवाजावर खूश होऊन टोपी, टॉवेल आणि नारळ घेऊन आला. खोक्यांपुढे इस्माईलभाई उभे होते. त्याने त्यांनाच टोपी घातली, टॉवेल पांघरला आणि वाकून पाया पडला. भाईंनी सगळं गंभीरपणे घेतलं.

दादा मागून आला. "भाई, सांगायचं तरी!"

"कैसा सांगू? वो इत्ता खुश था!" भाई म्हणाले. "आवाज तेरा, टोपी मेरी. नारियल आधा-आधा."

मग लग्नांत एलईडी स्क्रीन आले. बोलणाऱ्याचं तोंड दहा फुटांचं दिसायला लागलं, आणि लोक बुकिंगलाच सांगू लागले, "बोलणारा स्टेजवर पाह्यजे बरं का!" खोक्यांमागून बोलायचे दिवस संपत आले होते. दादाने ठरवलं, आधी दात मागे, मग आपण पुढे. पण तार समोरून लावली तर पंडित जगू देणार नाही. म्हणून त्याने आतून लावायची तार निवडली. दातांच्या मागच्या बाजूला, जिभेकडे. समोरच्याला काही म्हणजे काही दिसत नाही.

नांदेडहून तार लावून परतताना बसमध्ये मी विचारलं, "मागून तार लावून पुढचे दात कसे येतील रे सरळ?"

दादाला धड बोलता येत नव्हतं. त्याने तळहातावर बोट उभं केलं आणि पुढे झुकवलं. "खांब पुढं कलला तर दोरी कुठून ताणतो तू?"

"मागून."

"मंग!"

आणि त्याने मला मायची शप्पथ घातली. कोणाला कळता कामा नये.

* * *

जीभ थोडे दिवस अडखळेल, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. दादाने त्यातलं 'थोडे दिवस' एवढंच ऐकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला.

"हॅलो, थरथ थाऊंड थर्व्हिथ, थेनगाव!"

पलीकडून उत्तर आलं, "राँग नंबर लागला जनू."

त्याने पुन्हा लावला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तो वैतागला. "ओ भाऊ, जरा संतोषला द्या ना फोन!"

"मी थंतोथच बोलून राहिलो!"

"कोन थंतोथ?"

दादाने फोन माझ्या अंगावर फेकला.

माय म्हणाली, लेकराला नजर लागली. तिने मीठ-मिरच्या ओवाळून जाळल्या. घरभर धूर झाला आणि आम्ही तिघंही खोकून खोकून अंगणात आलो. नजर असली तर ठसका लागत नाही म्हणतात. माय डोळे पुसत म्हणाली, "नजर न्हाई बाप्पा. येडच लागलं!"

इस्माईलभाईंचा हिशेब वेगळा होता. त्यांना वाटलं, दादाने गुटखा धरला. दादा तोंड उघडायचा अवकाश, की भाई हात वर करायचे. "पैले थूक, बाद में बोल!"

"तोंडात काईच न्हाई, भाई!"

"तो खोल!"

आता खोलणार कसं? दादाने ओठ घट्ट मिटले. मग काय, सेनगावभर झालं, संतोषनं गुटखा धरला!

* * *

चौथ्या दिवशी लग्न होतं. दादाने वहीत सगळं निवेदन लिहून काढलं, त्यात एकही 'स' न घेता! 'सर्व' नाही, 'तमाम'. 'सुस्वागतम्' नाही, 'या, या, या'. नवरदेवाचं नाव सुरेश होतं, तो नुसताच 'आपला नवरदेव' झाला. सप्तपदीच्या वेळी दादा म्हणाला, "आता दोघं आगीभोवती हिंडतील!" भटजींनी वर बघितलं, पण चाललं.

एवढ्यात कोणीतरी चिठ्ठी आणून दिली. सरपंच सोपानराव, सपत्नीक, सहकुटुंब, सहपरिवार. दादाने चिठ्ठी वाचली आणि त्याला घाम फुटला. सरपंच समोरच उभे, मिशीवर हात. सगळा मांडव थांबलेला.

दादाने डोळे मिटले. "आपल्या गावचे पयले नागरिक! ज्यांचं नाव घ्यायची गरजच न्हाई! ते आले हो, जोडीनं आले!"

टाळ्याच टाळ्या! सरपंचांची छाती अशी फुगली की जाकिटाचं बटण ताणलं. एवढा मान त्यांना कोणी दिला नव्हता. पाच मिनिटांनी उपसरपंच खोक्यांमागे आले आणि माझ्या कानात म्हणाले, "आमचंबी नाव घेऊ नका बरं का!"

* * *

त्याच लग्नात पंगत बसली. दादाची एक ठरलेली ओळ होती. दहा वर्षं प्रत्येक पंगतीला तो तीच म्हणायचा, 'सर्वांनी सावकाश जेवा, संकोच सोडा!' ती त्याने वहीत लिहिलीच नव्हती, कारण ती पाठ होती. तिथेच घात झाला. वाढपी मागे सरले आणि सवयीने त्याच्या तोंडून निघून गेलं,

"थर्वांनी थावकाश जेवा, थंकोच थोडा!"

एक म्हातारा हातातला घास तसाच धरून म्हणाला, "थोडाच का? म्या तं पुरा घरी ठिवून आलो!"

मग जी पंगत हसली! एका पोराच्या नाकातून मठ्ठा आला. बाया पदर तोंडात कोंबून एकमेकींच्या अंगावर पडल्या. पोरं तर मांडवभर ओरडत सुटली, "थंकोच थोडा! थंकोच थोडा!"

दादाने माईक बंद केला. खोक्यांमागे खाली बसला. जेवला नाही.

मला राहवलं नाही. मी पक्कड घेऊन आलो. "आ कर दादा. आत्ताच्या आत्ता काढून टाकतो."

त्याने पक्कड माझ्या हातातून काढून घेतली. "खांब अर्धा उभा करून थोडतो का तू?"

आठवड्याने फोन आला. मीच उचलला. "ते थंकोच थोडावाले तुमीच ना? आमाला तेच पाह्यजेत."

* * *

एकदा नरसीला मांडव घालत होतो. कार्यक्रमाला तासभर होता आणि दादाच्या तारेचं टोक सुटलं. जिभेला टोचायला लागलं, रक्त यायला लागलं. नांदेड काय शेजारी आहे? मी घाबरलो आणि शप्पथ विसरून ओरडलो, "भाई, दादाच्या तोंडातली वायर निघाली!"

वायर म्हटल्यावर इस्माईलभाई टेस्टर घेऊन पळत आले. "हट, ये अपना काम हय." त्यांनी चष्मा लावला, टॉर्च पेटवला, दादाचा जबडा वर केला आणि आत बघतच राहिले.

"किसने की ये वायरिंग?"

दादा म्हणाला, "आ."

"एक नंबर फिटिंग हय! भाईर से कुछ दिखताच नहीं. पूरी कन्सील्ड!" मग हळूच विचारलं, "टेप मारूँ?"

मी डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, डबीत दिलेलं मेण टोकावर दाबा आणि उद्या या. दाबलं. कार्यक्रम झाला. भाईंनी कानाला हात लावून सांगितलं, ही गोष्ट माझ्यासोबत कबरीत जाईल.

संध्याकाळी ते पंडितला सांगत होते, "एक बात ध्यान में रख. संतोष के मुंह में कोई वायरिंग नहीं हय!"

पंडित म्हणाला, "कोन म्हन्लं हाय म्हनून?"

* * *

हळूहळू जीभ रुळली. एके दिवशी सकाळी दादा फोनवर स्वच्छ म्हणाला, "सरस साऊंड सर्व्हिस, सेनगाव!" आणि खुर्चीतून उठून नाचला.

पण गिऱ्हाईक नाराज! एका नवरदेवाचा मामा पंगतीत येऊन भांडला, "हा तर साफ बोलून राहिला! आमी थंकोचवाला बुक केला होता!" मग काय, दादा पंगतीपुरता मुद्दाम बोबडा बोलायला लागला. आधी तारेने बोलायचा, आता कलेने!

आणि दात खरंच मागे गेले. रोज बघणाऱ्याला कळत नव्हतं, पण गेले. हिंगोलीच्या एका मंगल कार्यालयात दादा पहिल्यांदा खोक्यांच्या पुढे आला. मागे स्क्रीनवर त्याचं दहा फुटांचं तोंड. सवयीने ओठ दाबलेलेच. मी कॅमेऱ्यावर होतो. हाताने खुणा करत होतो, हस ना, हस! तो हसेना.

तेवढ्यात पंडित मठ्ठ्याची बादली घेऊन स्टेजपुढून निघाला. त्याचा पाय केबलच्या वेटोळ्यात अडकला, दोन गिरक्या घेतल्या आणि तो बादलीत बसला. नीट मांडी घालून बसावं तसा बसला!

दादा हसला. सगळे दात दाखवून, दहा फूट रुंद!

त्या लग्नाला मायही आलेली, बायकांत बसलेली. तिने स्क्रीन बघून शेजारणीला कोपर मारलं. "कोनाचं वो पोरगं हे? दात कसे मक्याच्या दान्यावानी!"

"बाई, तुमचंच हाय."

मायने डोळे बारीक केले, पुन्हा बघितलं. "तरीच म्हन्लं," ती म्हणाली, "चांगलं काहून दिसून राहिलं!"

* * *

तार काढायला तीन महिने राहिले होते. दादाला ताप आला आणि आठ दिवसांत तो गेला. याचा किस्सा होत नाही. मी करून पाहिला.

दहाव्याच्या दिवशी दवाखान्यातून त्याच्या मोबाईलवर फोन आला. मुलगी म्हणाली, "संतोष आहेत का? उद्याची तारीख आहे, तार बदलायची." मी म्हणालो, "येतो." काहून म्हणालो, मलाच ठाऊक नाही. पण म्हणालो तर जावं लागणार. सकाळी बस धरली.

डॉक्टरीणबाईंनी माझं भादरलेलं डोकं बघितलं आणि त्या खुर्चीतून उठल्या. कपाटातून एक पांढरा साचा काढून माझ्या हातात दिला. दादाचे दात. तार लावायच्या आधीचे, चांगलेच पुढे आलेले.

बसमध्ये ते मी मांडीवर घेऊन बसलो. शेजारच्या म्हातारीने वाकून बघितलं. "आज्याची कवळी का रे?"

"न्हाई. दादाचे दात हायेत."

"आन दादा?"

मी खिडकीबाहेर बघितलं. तिने आपल्या पिशवीतून एक धुतलेला रुमाल काढला. "गुंडाळून घे बाबा. हादऱ्यानं पडतीन."

* * *

तेरवीचा मांडव आमचाच. पंडितने एकट्याने बांधला. एकही खांब कललेला नव्हता. सकाळी भजन झालं होतं, म्हणून माईक आणि खोकी तिथेच होती.

पंगत बसली. भात झाला, वरण झालं, वाढपी मागे सरले. कोणी घासच उचलेना. सरपंच सोपानराव होते, उपसरपंच होते, तो घास धरून बोलणारा म्हाताराही होता. सगळे पानात बघत बसलेले. मधूनच एखादा मान वर करायचा, खोक्यांमागे बघायचा आणि पुन्हा खाली. माय दारात बसलेली.

इस्माईलभाईंनी माझ्याकडे बघितलं आणि मशीन चालू केलं.

मी माईकवर 'हॅलो, हॅलो, चेक' याच्या पुढे कधी काही बोललेलो नाही. पण माझे दात सरळ आहेत आणि 'स' मला चांगला म्हणता येतो. मी माईक उचलला आणि खोक्यांच्या पुढे येऊन उभा राहिलो.

"थर्वांनी थावकाश जेवा," मी म्हणालो. "थंकोच थोडा!"