चिंचेनं घासलेले सूर

काकूचा फोन आला तेव्हा मी पितळेची घागर तोलत होते. धनतेरसचा आदला दिवस. भंडाऱ्यातल्या आमच्या भांड्यांच्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. "शोभा, तुझे काका गेले व… चहा मांडला होता, तो तसाच रायला." मी गिऱ्हाइकाला वजन सांगितलं, घागर कागदात गुंडाळून दिली आणि मग शटर ओढलं. बघणाऱ्यांना विचित्र वाटलं असेल. पण हातातलं काम अर्धं टाकणं मला जमत नाही. आणि नेमकं एक काम अर्धं राहिलंय. महिना होऊन गेला, मला स्वस्थ बसवत नाही.

वामनकाका माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. दिघोरीला धानाची शेती करायचे आणि धान घरात आलं की गावच्या दंडारीत, म्हणजे आमच्याकडच्या लोकनाट्यात, पेटी वाजवायचे. तीन वर्षांपूर्वी सिहोऱ्याच्या एका भजनी मंडळाची अडगळीतली पेटी त्यांनी विकत आणली. भाता उंदरांनी कुरतडलेला, पट्ट्या पिवळ्या पडलेल्या, आत झुरळं. घरात पोत्यांची थप्पी, म्हणून दुरुस्तीसाठी त्यांनी माझ्या दुकानामागची खोली धरली. रविवारी एसटीनं यायचे. पेटी खोलून त्यांनी आतले सूर काढले. सूर म्हणजे पितळेच्या तुकड्यावर बसवलेली पातळ जीभ. हवा लागली की तीच बोलते. ते सगळे वर्तमानपत्रावर ओळीनं मांडून काका भात्याचं चामडं आणायला नागपूरला गेले. जाताना म्हणाले, "मी येतवरी हात नोको लावजो."

मी लावला. काळवंडलेलं पितळ मला डोळ्यांसमोर चालत नाही. जन्म त्यातच गेला. चिंचेच्या पाण्यात भिजवले, काथ्यानं जोर लावून घासले, पुसून होते तसे मांडले. नव्यासारखे झळकत होते. काकांनी आल्यावर एक उचलला, ओठाशी नेऊन फुंकला. भलताच आवाज. दुसराही तसाच. तिसरा बोललाच नाही. घासताना जिभा वाकल्या होत्या, काही झिजल्या होत्या… काकांनी तो परत कागदावर ठेवला. मग म्हणाले, "आता यायच्यात वरण वाढाचं हाय काय व?"

मी माफी मागितली नाही. टेबलावर चांगला दिवा लावून दिला, दर रविवारी दोन वेळा चहा दिला. काका मोबाइलवर तानपुरा लावून ब्लेडनं एकेक जीभ खरवडायचे, फुंकायचे, पुन्हा खरवडायचे. जास्त खरवडली की सूर वाया, म्हणून घाई नाही. मलाच घाई. "किती राहिले?" मी विचारायची. "तू घासले तेवढे," ते म्हणायचे.

या दिवाळीपर्यंत एकच राहिला होता, अगदी मधला. पेटीतल्या त्या रिकाम्या जागेवर, हवा निसटू नये म्हणून, त्यांनी एसटीचं तिकीट चिकटवलं होतं. "येत्या रविवारी झाला समज. औंदाच्या दंडारीत वाजवतो." मी म्हटलं, "या रविवारी नका येऊ काका. सणाची गर्दी आहे, मागच्या खोलीत माल उतरणार आहे." ते बरं म्हणाले. तो रविवार गेला, आणि बुधवारी काकूचा फोन.

त्यानंतर दिवसातून चारदा मी मागच्या खोलीत जायची. पेटीचं झाकण उघडायची, लावायची. भाता मारायची. सगळ्या पट्ट्या वाजवायची आणि मधल्या मुक्या पट्टीवर बोट अडकायचं.

गेल्या आठवड्यात दंडारीतले दोघं पेटी न्यायला आले. त्यातला ढोलकीवाला भात्यावर हात फिरवत म्हणाला, "उंदरायनं लई नास केला होता म्हनत वामनकाका." मला राहवलं नाही. "भाता उंदरांनी खाल्ला. सूर मी बिघडवले. चिंच लावून घासले." दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि ढोलकीवाला हसला. "माईत हाय ताई. काका म्हनत, उंदीर भंडाऱ्याचा हाय, चिंच लावून घासते. पन आमी तुमाले बोलाचं नाई, अशी ताकीद होती."

पेटी गेली. मधल्या जागी ते नागपूरहून नवा सूर बसवून घेणार आहेत. दंडार थांबत नाही, थांबूही नये. काकांच्या हातून राहिलेला सूर मात्र मी दिला नाही. तो दुकानात माझ्या बसायच्या जागेसमोर ठेवलाय. आजूबाजूचं सगळं पितळ मी रोज पुसते. तो पुन्हा काळा पडायला लागलाय… फडकं घेऊन हात तिथवर जातो, आणि मी तो मागे घेते.