मायाप्पाचा उजवा डोळा

पडदा वर जावा तसं धुकं उठलं आणि कमलापूरच्या अलीकडचा डोंगर समोर आला. रेल्वेच्या रुळांसाठी मधोमध कापलेला, लालभडक. पायथ्याला मजुरांच्या पत्र्याच्या खोल्या, आणि उंच पाळण्यात, कमरेला दोर बांधून, संतपूरचा मायाप्पा धनगर. मेंढरं विकून आलेला. त्याच्या हातातल्या जाड नळीतून सिमेंट, वाळू आणि पोलादी तारेचे बारीक तुकडे सुसाटत कड्यावर जाऊन चिकटत. तारेमुळं लेप तडकत नाही, डोंगर धरून राहतो.

"अण्णा, चष्मा घाल की!" खाली मशीनवरचा शरणप्पा ओरडला.

"घामानं काच आंधळी व्हायलीय रे. चाचपडत मारू का?"

"तुझ्यापरीस मेंढरं बरी, हाकलं की ऐकत्यात!"

फवारलेला थोडा माल नेहमीच उलटून अंगावर येतो. त्या दिवशी तो मायाप्पाच्या उजव्या डोळ्यात गेला.

पाळणा खाली आला तशी बायको नागूबाई भाकरी टाकून धावली. डोळ्यातला कण जिभेच्या टोकानं अलगद काढण्यात तिचा हातखंडा होता. सारं संतपूर तिच्यापुढं पापणी उलटून बसलेलं. तिनं जीभ फिरवली, वाळूचा खडा तळहातावर ठेवला. "निघाला बघा!"

"तरी जीप काढू का?" शरणप्पानं विचारलं.

"कशाला? घरचा डागदर हाय की," मायाप्पा हसला.

डोळा सुजून मिटला, तेव्हा कुठं दोघं गुलबर्ग्याच्या दवाखान्यात गेली. नागूबाई औषध आणायला बाहेर गेली होती. डॉक्टर म्हणाले, "वाळू निघाली, पण तारेचं टोक आतच राहिलं. जिभेनं ते आणखी रुतलं, पू झाला. लगेच पाण्यानं धुऊन इथं आला असता, तर डोळा वाचला असता."

ती आली. "काय म्हनले?"

"लागला तवाच गेला म्हने."

एका डोळ्याला कड्याचं अंतर कळेना. नळी हातातून गेली. मग कोळारच्या एका गोदामावर राखणदारी आली. तिथं शेजारची शांतम्मा एकदा रडती लेक घेऊन आली, डोळ्यात कचरा गेलेला. नागूबाई दारातूनच म्हणाली, "पान्यानं धू बाई. मी आता काढत न्हाई." आतल्या खाटेवर मायाप्पानं ते ऐकलं. हिला संशय आलाय, हे त्याला कळलं. अंगावरचा घाव त्यानं कधीच पचवला होता. तिच्या जिवाला हे लागू नये, एवढीच त्याची धडपड उरली होती.

पुढं सिमेंटच्या धुळीनं छाती भरली. दोन हजार अकराच्या उन्हाळ्यात तो खाटेला खिळला. श्वास पुरेना. नागूबाई उशाशी बसून होती. इतकी वर्षं गिळलेलं तिनं शेवटी विचारलंच, "खरं सांगा. माझ्या जिभेनं गेला न्हवं तुमचा डोळा?"

मायाप्पानं तिचा हात चाचपून धरला. मग तो बोलला, आणि त्यानंतर कधीच बोलला नाही.

"येडी का काय तू? डागदर म्हनला, तुझ्या बायकूनं काढलं म्हनून दुसरा तरी वाचला."