निळ्या पट्टीचा तवा

नसरापूर फाट्यावरून आम्ही अमेरिकेला निघालो तेव्हा निरोपाला इतकी माणसं जमली की हायवेवरच्या ट्रकवाल्यांना वाटलं, कोणी मंत्री येणार आहे. फाट्यावर माझं हॉटेल. मिसळ, भजी, चहा आणि रविवारी मटण. हॉटेल महिनाभर बंद राहणार म्हटल्यावर गिऱ्हाइकं रडली. निदान एक तरी रडलं. मिसळीचा हात त्यानं डोळ्याला लावला होता, ते निराळं.

जायचं कारण आमची वैशाली. पोरीचे दिवस भरत आले होते आणि बाळंतपणाला आई हवी होती. आई म्हणजे आमची कमल. माहेर पासली, वेल्ह्याच्या डोंगरातलं. ती माळकरी आणि मी पट्टीचा मटण खाणारा. तरी आमचा संसार टिकला, कारण माझं मटण मागच्या दारी तीन दगडांच्या चुलीवर, वेगळ्या पातेल्यात शिजतं. मीच शिजवायचं, मीच घासायचं. त्या पातेल्याला कमलनं जन्मात हात लावलेला नाही. हॉटेलातलं रविवारचं मटणसुद्धा मागच्या शेडमध्ये होतं आणि रविवारी ती हॉटेलाची पायरी चढत नाही.

विमानात तिनं पाण्याशिवाय काही घेतलं नाही. मांडीवर शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा, त्यातला एक सकाळी, एक संध्याकाळी. तिच्या वाटणीचं ताट मी संपवलं आणि त्या बदल्यात हवाईसुंदरीला वेल्ह्याचा पाऊस सांगितला. म्हटलं, आमच्याकडे आषाढात मासे भाताच्या खाचरातून चालत चुलीपर्यंत येतात, आपण फक्त मीठ लावायचं. ती हसून हो म्हणाली. विमानातली माणसं कशालाही हो म्हणतात.

न्यू जर्सीत वैशाली राहते त्याला गाव म्हणायचं तर गावात माणसं पाहिजेत. हिरवळी होत्या, गाड्या होत्या, दारं सगळी बंद. मला बसवत नाही. हॉटेलवाल्याचे पाय ते, दिवसभर गल्ला ते भट्टी, भट्टी ते गल्ला. पहिल्याच सकाळी मी इतका चाललो की तेवढ्यात किकवी मागे टाकून शिरवळ गाठलं असतं. वाटेत भेटलं कोण, तर एक खार. तिच्याशीही दोन शब्द बोललो.

परत आलो तर घरात सुतक पडल्यासारखी शांतता. कमल स्वयंपाकघरात भांडी धुणाऱ्या यंत्रासमोर उभी होती. त्यात आदल्या रात्रीची चिकनची कढई आणि सकाळचं दुधाचं पातेलं मांडीला मांडी लावून बसलेली. आमचे जावई संदीप, मूळचे भोरचेच, गुणी माणूस, तिला समजावत होते की यंत्रात पाणी उकळतं आणि सगळं स्वच्छ होतं. कमल म्हणाली, स्वच्छ होईल हो, पण एकत्र होतं ना.

वैशालीनं त्याच दिवशी आईसाठी नवा तवा आणि नवं पातेलं आणलं. संध्याकाळी सासूबाईंना मदत करावी म्हणून संदीपरावांनी ती दोन्ही धुवायला टाकली. कुठं, ते सांगायला नको. त्यानंतर कमल केळी, सफरचंदं आणि लाडू यांवर आली. डबा रोज हलका होत होता. एका सकाळी तिनं तो हलवून पाहिला आणि शांतपणे म्हणाली, "लाडू हायेत तवर ऱ्हाते. मग मला इमानात बसवून द्या."

वैशाली पोटावर हात ठेवून खुर्चीत बसली होती. "आई, माझ्यासाठी आलीस ना तू? तू गेलीस तर मला इथं कोण आहे?"

कमलचे डोळे भरले, पण ती जागची हलली नाही. हट्ट नव्हता तो. तिच्या घशाखाली घास उतरतच नव्हता. आणि मला त्या घरात उभं राहवेना, बसवेना. मी पायात चपला सरकवल्या.

त्या दिवशी मी वाट बदलली आणि खरंखुरं गाव सापडलं. एका रस्त्यावर दुकानांची ओळ, काळ्या टोप्यांचे दाढीवाले, डोक्याला फडकं बांधलेल्या बाया, आणि पोरं इतकी की मला भोरच्या आठवडी बाजाराची आठवण झाली. ज्यू लोकांची वस्ती. वास आला तसा मी पहिल्या हॉटेलात शिरलो. प्लास्टिकच्या खुर्च्या, कागदी रुमाल, आत उभ्या सळईवर मांस फिरतंय. एका जाड रोटीत गच्च भरून त्यांनी दिलं आणि मी खाल्लं. तिखट कमी; पण गल्ल्यावरच्या पोराला मी सांगितलं की असं मटण खायला आमच्याकडे तोरण्यावरून बिबटे उतरतात. मग थोडं दही मागितलं. पोरगा असा बघायला लागला जणू मी त्याचा गल्ला मागितला. दही नाही, दूध नाही, लोणी नाही. अख्ख्या दुकानात थेंब नाही.

तेव्हा आठवलं. महाडकडून वरंधा घाट चढून पुण्याला जाणारं एक कुटुंब कधीमधी माझ्याकडे थांबायचं. कोकणातले शनवार तेली, म्हणजे आपले मराठी बोलणारे ज्यूच. मटण घ्यायचे, पण टेबलावरची ताकाची वाटी हळूच बाजूला सारायचे. मला वाटायचं, पित्ताचा त्रास असेल. तो पित्ताचा त्रास नव्हता तर. मग दूधवाल्यांनी जायचं कुठं, असं मी माझ्या इंग्रजीत विचारलं. माझं इंग्रजी कात्रजच्या घाटासारखं, एका वळणावर पुढचं वळण दिसत नाही. तरी पोराला समजलं. त्यानं शेजारच्या दुकानाकडे बोट केलं. तिथं पिझ्झा, चीज, आणि वेगळ्या कोपऱ्यात मासळीचा एखादा जिन्नस. पण मांस त्या उंबऱ्याच्या आत कधी गेलेलं नाही. भांडी वेगळी, भट्टी वेगळी. दोन्ही दुकानं कोशर (त्यांच्या सोवळ्यात बसणारी), फक्त एकमेकांची शेजारीण नसल्यासारखी वागणारी.

म्हणजे मासळीचा कोपरा सोडला तर अख्खं हॉटेलच माळकरी. मी तसाच घरी पळत सुटलो.

कमल यायला तयार नव्हती. आली ती मला खोटं पाडायला. दुकानाची मालकीण शोशाना नावाची, पन्नाशीची, ठसठशीत बाई. कमलनं खुणेनं विचारलं, आत बघू? त्या बाईनंही काही न विचारता आत नेलं. आत पीठ चाळून घेत होते. कोथिंबिरीसारखी एक भाजी पान-पान उजेडाला धरून किडा बघत होते. भट्टीपाशी एक सडपातळ म्हातारा उभा होता, तो मशगियाख (सोवळ्यावर देखरेख ठेवणारा). त्याचं काम एवढंच की चुकीची वस्तू आत येऊ द्यायची नाही. कमलनं त्याला वाकून नमस्कार केला. आमच्या लग्नानंतर तिनं माझ्याकडे इतक्या आदरानं कधी पाहिलेलं नाही.

मासळी आपल्याला नको एवढं मी समजावून सांगितलं आणि शोशानानं नवा कागद अंथरून साधा पिझ्झा दिला. कमलनं तुकडा मोडला आणि तोंडात घातला. मग ती खाली मान घालून जेवली. मी भिंतीकडे बघत बसलो.

त्यानंतर आम्ही रोज तिथं. कधी पिझ्झा, कधी फलाफल (हरभऱ्याचे वडे), कधी नुसतं सूप. लाडवांचा डबा फळीवर गेला. वैशालीच्या तोंडावर रंग आला. शोशानाबाईला मी सांगितलं की माझं हॉटेल इतकं लांबलचक आहे की एका टोकाला मागवलेला चहा दुसऱ्या टोकाला थंड होऊन पोचतो. एकदा तिच्या पिठाचा गोळा घेऊन भाकरीसारखा थापूनही दाखवला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिथंच माझं डोकं फिरलं.

रविवार होता. दुकानात कोणा मुलाचा वाढदिवस, पंचवीसेक पोरं टोप्या घालून पिझ्झ्याची वाट बघत बसलेली. कमल नेहमीच्या टेबलाशी. मी मधल्या वेळात शेजारी जाऊन रोटीतलं मांस बांधून घेतलं होतं. ते गार झालं. आता हॉटेलवाल्याचा स्वभाव सांगतो: दुसऱ्याच्या हॉटेलात भट्टी पेटलेली दिसली की तिला तो आपलीच समजतो. आमच्या फाट्यावर पावभाजीवाला माझ्या चुलीवर पाणी तापवतो, मी त्याच्या तव्यावर पापड भाजतो, कोण विचारतंय? शिवाय दोन्ही दुकानं कोशर, एकाच देवाची. मी गल्ल्यामागून सहज आत गेलो आणि चांदीच्या कागदातला पुडा भट्टीत सरकवला.

कागद फाटला असावा. चरबी तापल्या दगडावर पडून चर्र झालं, धूर निघाला आणि तो म्हातारा वीज पडल्यासारखा माझ्यासमोर उभा राहिला. काय आहे? मी म्हणालो, मशरूम. खोटं बोलण्यात मी कच्चा नाही, चेहराही मशरूमचाच केला. त्यानं पुडा बाहेर ओढला, काळं पडलेलं उलटंसुलटं पाहिलं. त्याला शंका होती, खात्री नव्हती. शोशाना आली. तिच्या मागं पंचवीस पोरं. ती माझ्याकडे बघत होती आणि 'मशरूमच आहे' असं पुन्हा म्हण, असं सांगत होती, असं मला वाटलं.

कमल उठून आली. तिला वास घ्यायचीही गरज पडली नाही. माझा मशरूमचा चेहरा ती ओळखून होती. ती गप्प बसली असती तर भट्टी चालली असती, तिचं रोजचं ताट राहिलं असतं, पोरीजवळ तिला राहता आलं असतं. हे तिला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं.

"मटण," ती शोशानाला म्हणाली. मग पुडक्याकडे बोट दाखवून पुन्हा, "मटण हाय ते."

एवढा शब्द तिथंही कळतो. भट्टी विझवली. पोरांची सगळी जत्रा रडत-भेकत बाहेर गेली. दाराला पाटी लागली. शोशाना आमच्याकडे पाठ करून आत गेली.

परतीच्या वाटेवर कमल माझ्यापुढं दहा पावलं चालत होती. घरी आल्यावर तिनं डबा फळीवरून काढला. तळाशी थोडा चुरा होता. संदीपराव विमान कंपनीला फोन लावून तिकिटाची तारीख बदलायचं बघू लागले, वैशाली खोलीत जाऊन आडवी झाली, आणि मी त्या हिरवळीवर इतक्या येरझारा घातल्या की गवतात पायवाट पडली. ती अजून असेल.

दुसऱ्या दिवशी दुपारी दाराची घंटी वाजली. दारात शोशाना. वैशालीनं कधीतरी फोनवरून पिझ्झा मागवला होता, त्यामुळे पत्ता दुकानात होता. भट्टी तासन्‌तास लाल करून शुद्ध झाली होती आणि पेटल्यावरचा पहिला पिझ्झा ती स्वतः घेऊन आली होती. माझ्याकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. वैशालीला म्हणाली, आणि वैशालीनं मराठीत सांगितलं, "तुझ्या आईनं तोंड उघडलं नसतं तर त्या मुलांनी मांस लागलेल्या भट्टीतलं खाल्लं असतं. आता तिचं स्वयंपाकघर कुठं आहे, ते मला दाखव."

पिशवीतून तिनं चिकटपट्टीच्या दोन गुंडाळ्या काढल्या, एक लाल, एक निळी. त्यांच्याकडे घरोघरी असतात म्हणे. मांसाच्या भांड्यांना लाल, दुधाच्यांना निळी. संदीपराव धावत जाऊन पुन्हा नवा तवा आणि पातेलं घेऊन आले. दोन्हींना निळी पट्टी. एका फळीला, एका चमच्याला, भांडी घासायच्या एका टबाला निळी. भांडी धुण्याच्या यंत्रावर शोशानानं आडवीतिडवी लाल पट्टी ओढली आणि संदीपरावांकडे असं बोट रोखलं की त्यांनी दोन्ही हात मागं घेतले. एवढंच. एक कोपरा आणि चार भांडी. इतके दिवस आम्ही तिला स्वच्छता समजावत होतो. तिला हद्द हवी होती.

कमलनं निळ्या तव्यावर भाकरी टाकली, पिठलं केलं आणि पहिली भाकरी शोशानापुढं धरली. त्या बाईनं छातीला हात लावला, मान नकारार्थी हलवली आणि ती आपल्या बाटलीतलं पाणी प्यायली. वैशाली कानकोंडी झाली. कमल नाही झाली.

"तिचंबी सोवळं हाय," ती म्हणाली. "मी न्हाई का इमानात आपल्याच लाडवांवर आले?"

तिकिटाची तारीख बदलावी लागली नाही. नात झाली. आजीनं तिला अंघोळी घातल्या, वैशालीला निळ्या पातेल्यातली खीर घातली, आणि दर आठवड्याला ती एकटीच पिझ्झ्याच्या दुकानात जाऊन शोशानाशी गप्पा मारून येई. कुठल्या भाषेत, देव जाणे. मला मशगियाखानं दाराबाहेरचं बाकडं नेमून दिलं होतं.

घरी येऊन आता बरेच दिवस झाले. गिऱ्हाइकांना मी सांगतो की अमेरिकेत माझ्या एका पुड्यानं अख्ख्या राज्याच्या भट्ट्या बंद पडल्या. मटणाच्या वाट्या पुसून खाता खाता तीही ऐकून हो म्हणतात. परवा वैशालीचा फोन आला. कमल बोलत होती, मी कान लावून होतो. निळी फळी तशीच आहे, वैशाली सांगत होती. त्या तव्यावर आता कोणी भाकरी करत नाही, पण संदीप तो यंत्रात टाकू देत नाहीत. आई परत येईल तेव्हा लागेल, म्हणतात.

कमलनं फोन ठेवला. तिनं पेटी उघडली, आम्ही निघताना शोशानानं दिलेली लाल गुंडाळी काढली आणि मागच्या दारी गेली. मी दारातून बघत राहिलो. चुलीशेजारी माझं मटणाचं पातेलं पालथं पडलं होतं. पदराच्या टोकात धरून, नाक मुरडून, तिनं ते सरळ केलं आणि त्याच्या काठाला लाल पट्टी नीट चिकटवली.